आमची बाहुली मरत नसे

उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या लहान मुलांच्या हॉस्पिटलात मी सिस्टर होते, तेव्हा सरावासाठी एक बाहुली आणली गेली. बाळाएवढीच. ट्रेनरने टॅबलेटवर बोट फिरवलं की ती निळी पडायची, तिचा श्वास थांबायचा. आम्ही तोंडावर मास्क धरून हवेची पिशवी दाबायची. जमलं की बाहुली रडायची आणि सगळे टाळ्या वाजवायचे.

एकदा ट्रेनर म्हणाला, "मॅडम, कधी कधी बाळ जातंसुद्धा. त्याचीपण प्रॅक्टिस करून घेऊ?"

"वॉर्डात असलं अभद्र नको हां," हॉस्पिटलच्या मालकीण मॅडम म्हणाल्या. "बाहुली असली म्हणून काय झालं? शुभ बोला."

तेव्हापासून आम्ही कितीही चुका केल्या तरी ट्रेनर शेवटी तिला रडवायचाच. एकदा तर पेढे वाटले. माझं डोकं फिरायचं. जिथे मरण येऊन जाऊन असतं, तिथेच त्याचं नाव काढायची चोरी!

पुढे सोनिवलीहून एक मुलगा आला, काही महिन्यांचा. न्यूमोनिया, आणायला उशीर झालेला. त्याचा श्वास थांबला तेव्हा पाळीवर मी होते आणि विठ्ठलवाडीची एक नवी सिस्टर. पोरीने शिकवलेलं सगळं बिनचूक केलं. डॉक्टरांनीही बराच वेळ प्रयत्न केले, मग कानातला स्टेथोस्कोप काढला.

"गेलं. आईला तुम्हीच सांगा, सिस्टर. बायकांचं बायकांना कळतं," म्हणाले आणि निघून गेले.

काय कळतं, डोंबल! आईला आधी बसवायचं की उभ्याउभ्याच सांगायचं, एवढंही आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. इकडे ती पोरगी पिशवी दाबतच होती.

"अगं, थांब आता," मी म्हटलं.

"रडेल ना, सिस्टर. थोडा टाइम लागतोय बस."

तिच्या हातून आजवर एकही बाळ गेलं नव्हतं. कारण ती सगळी रबराची होती. मला तिचा राग आला नाही, मॅडमचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

मी पडदा सारणार, तेवढ्यात आईच आत आली. तिने बाळाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. तिने पुढे होऊन त्या पोरीचं मनगट धरलं आणि पिशवीवरून हात हळूच बाजूला केला.

"बस कर गं पोरी," ती म्हणाली. "गेला तो. दे माझ्याकडं."