आधी घरचा माणूस

आज आमच्या विद्यापीठात जैववैद्यकीय अभियांत्रिकीची स्वतंत्र इमारत आहे. सत्तरच्या दशकात मी सांगलीत शिकत होतो, तेव्हा त्या विषयाला विजेच्या प्रयोगशाळेमागे प्लायवूडचा आडोसा घालून केलेली एक खोली होती. दवाखान्यातली यंत्रं आपल्या मुलांना बनवता आणि दुरुस्त करता यावीत, हा आमच्या सरांचा ध्यास. विद्यापीठ विषय मान्य करायला तयार होतं, पण मुलांना रुग्णालयात काम शिकायला मिळालं पाहिजे, अशी अट होती. रुग्णालय नाही तर विषय नाही.

आम्ही मुलांनी हृदयाचा आलेख काढणारं कार्डिओग्रामचं यंत्र जुळवलं होतं. ते घेऊन सर एका रुग्णालयातल्या हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "आधी कुणाच्या तरी घरच्या माणसाला लावून दाखवा. मग माझ्या पेशंटचं बोलू."

इतरांच्या घरचे शॉकच्या भीतीनं तयार होईनात. मी कोरेगावजवळच्या आमच्या गावी गेलो. ऊस तोडणीला आला होता, तरी वडील लगेच तयार झाले.

"आवं, करंट लागंल," आई म्हणाली.

"इतकी वर्सं तुझ्या हातचं खाऊन जगलोय. करंटाचं काय घेऊन बसलीस?"

ठरल्या दिवशी वडील प्रयोगशाळेतल्या टेबलावर आडवे झाले. डॉक्टर खुर्चीत बसले. आम्ही मनगटांना आणि घोट्यांना धातूच्या पट्ट्या बांधून यंत्र सुरू केलं. पेन नुसतं थरथरलं. कागदावर हृदयाचे ठोके दिसायच्या जागी काळा जाड पट्टा उमटत गेला. आम्ही वायरी बदलल्या, पंखा बंद केला, टेबल खिडकीकडे सरकवलं. तोच पट्टा. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. सरांचा चेहरा उतरला होता. आता विषय गेला, असंच मला वाटलं.

डॉक्टर उठले ते निघायलाच, असं आम्ही समजलो. पण ते टेबलापाशी आले आणि नाडी बघायला त्यांनी वडिलांचं मनगट धरलं. हात निसटला.

"बाबा, अंगाला काय लावलंय?"

"त्याल. चार मोठ्या मान्सांत उघडं व्हायचं म्हनून कारभारणीनं पहाटंच चोळून काढलंय. लय खरखरीत दिसत व्हतो."

डॉक्टर हसायला लागले. तेलाच्या थरामुळे हृदयाची बारीकशी वीज पट्ट्यांपर्यंत धड पोचत नव्हती आणि खोलीतल्या विजेची गुणगुणच कागदावर उतरत होती. त्यांनी कोट काढला, स्पिरिट मागवलं आणि स्वतः वडिलांची मनगटं पुसली. मग ते घोट्यांकडे वळले, तसे वडील उठायला लागले.

"आवं डाक्टरसायेब, पायाला हात लावू नगा."

"पडून राहा, बाबा. हे या पोरांचं काम होतं. शिकतील."

मिठाच्या पाण्यात भिजवलेलं कापड पट्ट्यांखाली ठेवून आम्ही त्या पुन्हा बांधल्या. या वेळी पेन शांतपणे चालू लागलं. लहान उंचवटा, मग उंच सुळका, मग पुन्हा उंचवटा. सर सरकणाऱ्या कागदाकडे पाहत राहिले.

"काळीज बरं हाय न्हवं?" वडिलांनी विचारलं.

"तुमचं ठणठणीत आहे. तुमच्या पोराचं बघायला हवं, मघापासून धडधडतंय." मग डॉक्टर सरांकडे वळले. "सोमवारी मुलांना पाठवा."

त्यातूनच आधी ऐच्छिक विषय झाला, पुढे पदविका आणि बऱ्याच वर्षांनी पदवीची शाखा. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी त्याच विषयावर आयुष्य काढलं, आणि ते ज्यांच्यामुळे शक्य झालं ते तिघेही त्या दिवशी त्या एका खोलीत होते.

सोमवारी आम्ही वॉर्डात गेलो, तर आटपाडीकडची एक म्हातारी आमची यंत्राची पेटी बघून अंग चोरून बसली.

"आजी, भिऊ नका, ही आमचीच पोरं आहेत," डॉक्टर म्हणाले, आणि आम्हाला जागा द्यायला खाटेपासून बाजूला झाले.