उतारावरचा ब्रेक

मुलीच्या नव्या सायकलला डिस्क ब्रेक आहे. आज सकाळी टेकडीच्या उतारावर ती सुसाट सुटली आणि वर उभ्या उभ्या माझ्या दोन्ही मुठी आवळल्या गेल्या. हातात सायकल नव्हती. मी हवेतच ब्रेक दाबत होतो.

माझ्या जुन्या सायकलचे ब्रेक सळयांचे होते. रबर झिजलेलं असायचं, ओल्या रिमवरून ते नुसतंच सरकायचं. म्हणून उतार लागण्याआधीच ब्रेक दाबायचा, आणि तरीही शेवटी चप्पल रस्त्यावर घासायची. लोक म्हणतात, जुन्याची सर नव्याला नाही. साफ खोटं! त्या ब्रेकपायी मी दोनदा गुडघा फोडून घेतलाय. नवा ब्रेक शंभरपट चांगला आहे, हे मला पटतं. माझ्या हातांना पटत नाही. परवा ती शिकायला परगावी जायचं म्हणाली, तेव्हाही टेबलाखाली मुठी अशाच आवळल्या गेल्या होत्या.

खाली रस्त्याच्या तोंडाशी ती अलगद थांबली आणि वळून ओरडली, “बाबा, बघितलंस?”

“बघितलं!” म्हणत मी हात हलवला, पण मूठ काही उघडेना.