चिखलात लिटरमागे आठ

लिटरकाका कुणालाही भेटले की आधी त्याच्या गाडीकडे बघत, मग त्याच्याकडे, आणि रामराम न करताच विचारत, “किती देते?” म्हणजे गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर जाते. माझ्या चुलतबहिणीला बघायला पाहुणे आले, तेव्हा सगळे शेती किती, नोकरी पक्की का, असं विचारत होते. काकांनी मुलाला त्याच्या नव्या मोटारसायकलीबद्दल विचारलं. तो म्हणाला, “साठ.” काकांनी किल्ली मागून घेतली आणि बाहेर गेले. दीड तासाने परत येऊन भर बैठकीत सांगितलं, “बावन्न. पोरगं आठनं खोटं बोलते. बाकी चांगलं हाये, देऊन टाका पोरगी.” लग्न झालं. जावई पुढेही त्यांना भेटायचा तेव्हा गाडी लांब लावायचा.

ते आमच्याच वस्तीत राहायचे, पण त्यांचं खरं नाव तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मालेगावात वाशिम रोडला त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं टिनाचं दुकान होतं. गाडीचं अॅव्हरेज काढायची त्यांची पद्धत ठरलेली. टाकीची नळी काढायची आणि तिच्या जागी हँडलला सलाईनची रिकामी बाटली उलटी टांगून तिची नळी जोडायची. बाटलीवर मिलीच्या रेघा असतातच. शंभर मिली पेट्रोल घालायचं, गाडी काढायची आणि जिथे बंद पडेल तिथून ढकलत आणायची. “टाकीतलं पेट्रोल आंधळं असते,” ते म्हणायचे. “बाटलीतलं डोयानं दिसते. दिसते त्यावरच भरोसा ठेवा.”

आमची वस्ती डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत आहे. मधे पांदण, म्हणजे शेताशेतांतून जाणारा कच्चा रस्ता, तोही काळ्या मातीचा. पावसाळा लागला की मोटारसायकली डांबरी रस्त्यावरच्या एका गोठ्यात ठेवायच्या आणि चपला हातात घेऊन घरी चालत यायचं, ते दिवाळीपर्यंत. मी दहावीपर्यंत शाळेत अशीच गेले. पुढच्या सगळ्या मुली अशाच जाणार असं आम्हाला वाटत होतं. वस्तीतल्या बऱ्याच मुली त्या चिखलापायीच घरी बसल्या.

एकदा काका धनजकडे कुणाच्या शेतावर इंजिनाच्या कामाला गेले होते. तिथे त्यांनी ती गाडी पाहिली. चार जाड टायरांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली, चिखलातून, नाल्यातून, कुठूनही जाणारी. मालकाने हौसेसाठी घेतली होती. काकांनी अर्थातच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, “चिखलात दहाबारा देते, पण टाकी लय मोठी हाये, टेन्शन नाही.” काका घरी येऊन हे सगळ्यांना सांगत सुटले. “टाकी मोठी असनं हा काय गुण हाये? मोठ्या पोटाचा माणूस जास्ती काम करते का?”

त्या हिवाळ्यात त्यांनी स्वतःची गाडी बनवली. जुन्या मोटारसायकलचं इंजिन, ऑटोरिक्षाचा मागचा धुरा, कुठून तरी आणलेले छोट्या ट्रॅक्टरचे टायर आणि मागे बसायला लाकडी फळी. पहिल्याच पावसात ती नाकापर्यंत चिखलात बसली आणि गुरगुरत बाहेर आली, तेव्हा कुणी तरी म्हणालं, “हा तं हेला हाये!” हेला म्हणजे रेडा. तेच नाव राहिलं.

हेल्याला टाकी नव्हतीच. काकांनी ती मुद्दाम लावली नाही. हँडलला अर्ध्या लिटरची सलाईनची बाटली. “भरली टाकी म्हणजे चिखलात फुकटचा पाहुणा. त्याचंही वजन आपनच वाहाचं.” दुसरंही एक कारण होतं. हेल्याचे कागद नव्हते, त्यामुळे तो डांबरी रस्त्यावर नेता येत नव्हता, आणि पंपावर डबकीत, म्हणजे छोट्या डब्यात, पेट्रोल देत नव्हते. म्हणून गोठ्यातल्या मोटारसायकलच्या टाकीतून नळीने पेट्रोल काढायचं आणि डबकीत घालून घरी आणायचं. घरी जे काही पेट्रोल असायचं ते एवढंच. त्यांच्या घराच्या टिनाच्या दारावर खडूने तीन आकडे लिहिलेले होते: कोरडी बावीस, ओली अकरा, चिखल आठ. चिखलात एका खेपेला पावणेचारशे मिली लागतं, बाटली पाचशेची. गणित नेहमी उरायचं, आणि त्या उरण्याचा त्यांना अभिमान होता.

डांबरी रस्त्यापर्यंत हेल्यावर बसून मी कॉलेजला गेले. कोरड्या पायांनी. ज्यांनी आयुष्यभर डांबरी रस्त्याच्या कडेला घर पाहिलं आहे त्यांना यात काय विशेष, असं वाटेल. पण वर्गात शिरताना पायाला माती नसणं म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं.

काकू त्यांच्यापेक्षा बोलक्या. दुकानावरची टवाळ पोरं मुद्दाम विचारायची, “काका, काकूचं अॅव्हरेज किती?” काकू डबा घेऊन आलेल्या असल्या तर त्याच उत्तर द्यायच्या, “एका च्यावर दिवसभर! तुह्या मायले विचार तिचं किती हाये ते.” पुढे काकूंच्या दोन्ही किडन्या गेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी वाशिमला डायलिसिस सुरू झालं. दिवसाला किती पाणी प्यायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलं, त्यात चहाही आला. काकांनी त्यासाठीही तसलीच एक बाटली घेतली. सकाळी मोजून भरायची आणि संध्याकाळपर्यंत पुरवायची. स्वयंपाकघरात पाण्याची बाटली, ओसरीत पेट्रोलची. चूक होऊ नये म्हणून पेट्रोलच्या बाटलीला लाल दोरा बांधला होता.

“माह्या नवऱ्यानं मले गाडी करून टाकलं,” काकू म्हणायच्या. “रेघ पाहून पानी देते.” मग हळूच मला म्हणायच्या, “एक घोट दे ना वं. त्याईले नको सांगू.” मी देत नसे. आता वाटतं, एकदा तरी द्यायला हवं होतं.

आठवड्यातले ते दोन दिवस हेला कुणालाही मिळत नसे. सकाळी साडेसातला काकूंना उशी देऊन फळीवर बसवायचं आणि आठची बस धरायची. दीड वर्ष त्यांनी एकही पाळी चुकवली नाही. डायलिसिसची पाळी चुकली तर अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. हे काकांना डॉक्टरांनी एकदाच सांगितलं होतं आणि पुरेसं झालं होतं.

माझी शेवटच्या वर्षाची परीक्षा परतीच्या पावसात आली. सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू होती आणि पांदण पुन्हा चिखल झाली होती. केंद्र वाशिमला. गुरुवारचा पेपर होता. काका मला घेऊन निघाले. अर्ध्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की हॉल तिकीट घरी राहिलं. मी रडायला लागले. काकांनी हेला वळवला. घरी जाऊन पुन्हा निघालो तोवर बस गेली होती. मग त्यांनी मला मोटारसायकलवर थेट वाशिमला नेलं, तीन तास केंद्राबाहेर उभे राहिले आणि परत आणलं. येताना मालेगावच्या पंपावर ट्रॅक्टरांची रांग होती. काकू घरी एकट्या होत्या. काका म्हणाले, “उद्या भरू.” मोटारसायकलीत पंपापर्यंत जाण्यापुरतं ठेवून उरलेलं पेट्रोल त्यांनी काढून घेतलं. घरी पोचल्यावर चारशे मिली राहिलं.

शुक्रवारी सकाळी मी त्यांच्या ओसरीत उभी होते. बाटली रोजच्यापेक्षा रिकामी दिसत होती.

“काका, पुरंल का?”

“आठ देते. तीन किलोमीटरले पावनेचारशे. पंचवीस तं जास्तीच हाये.”

“चला आता मास्तर,” काकू फळीवरून म्हणाल्या. “गनित काही बस थांबवून ठेवत नाही.”

हेल्याचा आवाज आमच्या वस्तीत बराच वेळ ऐकू यायचा, शेतांवरून. त्या दिवशी तो रोजच्यापेक्षा जड होता. आदल्या संध्याकाळी मळणीयंत्रं ओढणारे ट्रॅक्टर पांदणीतून गेले होते आणि त्यांनी गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या. आम्हाला वस्तीत ते ठाऊक होतं. काकांनाही ठाऊक असणार. पण दारावर आठ लिहिलेलं होतं.

आवाज नाल्याच्या अलीकडे थांबला. आम्ही वाट पाहिली. तो पुन्हा सुरू झाला नाही.

माझे वडील आणि आणखी तिघे बाज घेऊन धावले. मीही धावले. काका हेल्यापाशी उभे होते. त्यांनी बाटली हँडलवरून सोडली होती आणि ती आभाळाकडे धरून ते बघत होते. तिच्यात काहीच नव्हतं. काकू फळीवर बसूनच म्हणाल्या, “अहो, ते ठेवा आता खाली.”

बाजेवरून त्यांना नाला ओलांडून नेलं. बस गेलेली. जीप मिळायला वेळ लागला. वाशिमला पोचेपर्यंत दुपार झाली होती आणि काकूंना धाप लागली होती. दवाखान्यातल्या लोकांनी लगेच घेतलं, शक्य ते सगळं केलं. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं. रविवारी काकू गेल्या.

तेराव्यानंतर मी काकांकडे गेले आणि म्हणाले, “काका, मी ते हॉल तिकीट विसरले नसते तर...”

ते मग म्हणाले, “पेट्रोल तुनं नाही खाल्लं, बाई. मी रेघ पाहून निघालो. रस्ता नाही पाह्यला.”

त्यांनी मला माफ केलं की फक्त स्वतःला दोषी धरलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी निघताना दाराकडे पाहिलं. तीन आकड्यांखाली चौथा लिहिलेला होता, त्याच अक्षरात: सोंगणीत पाच.

मी पास झाले. आमच्या घरात पदवी घेणारी पहिली. आता मालेगावात एका शाळेत शिकवते. पगार सुरू झाल्यावर पहिल्यांदा पांदण पक्की व्हावी म्हणून अर्ज केला. मग दुसरा. मोजणी झाली, खुंट्या रोवल्या, आणि ज्यांच्या शेताचा काठ जात होता त्यांनी त्या उपटल्या. पुढचा अर्ज कुठे आहे ते कुणाला सांगता येत नाही. पावसाळ्यात वस्तीतल्या मुली पुन्हा चपला हातात घेऊन चालतात. त्यांतल्या दोघींनी या वर्षी शाळा सोडली. मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आयांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि पांदणीकडे बोट दाखवलं.

काकांनी दुकान विकलं. हेला त्यांच्या अंगणात आहे. त्याच्यावर वालाचा वेल चढला आहे, टायरांमधे कोंबड्या बसतात. कुणीतरी तो चालवायला मागितला, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “चालत नाही तो.” चालत होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

गेल्या थंडीत मी नवी स्कूटी घेतली. पांदण वाळली होती. पहिल्यांदा ती थेट काकांच्या अंगणात नेली आणि मुद्दाम त्यांच्यासमोर उभी केली. ते ओसरीत बसले होते. स्कूटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी वाट पाहिली. त्यांनी विचारलं नाही.

“पन्नास देते, काका,” मीच म्हणाले.

“देत असंल.”

मी उगाच पेपर, शाळा, थंडी असं काही बोलत राहिले. निघायला लागले तेव्हा ते उठले, स्कूटीजवळ आले, मला सीट उघडायला लावली आणि टाकीचं झाकण काढून आत डोकावले. तळाशी थोडंच होतं.

“भरून ठेवत जाय,” ते म्हणाले.