टपावरचं कुंकू

मंडळी, आज सकाळपासून एक गोष्ट मनातून जात नाही.

उद्या माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, कुरुंदवाडला लग्न. नवरी आमच्याच जीपमधून न्यायची. जीपच्या फायबरच्या टपाला तडा गेलेला. पेंटरनं तो सांधला, पुट्टी भरली, पाणी मारत पॉलिश पेपरनं घासून टप काचेसारखा गुळगुळीत केला. आज फक्त रंग मारायचा होता.

आणि आईनं पहाटेच त्यावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं!

पेंटर ओरडलाच, "अवो, तेलावर रंग धरत न्हाय! वाटंतच पापुद्रे सुटतील. पुसा की!"

आई आडवी उभी राहिली. "लेकीच्या लग्नात कुंकू पुसायचं? मी जिती हाय तवर न्हाय!"

मधल्यामध्ये मी एकदा आईकडं बघतोय, एकदा पेंटरकडं. तेल तर मुरत चाललेलं.

तेवढ्यात हळदीच्या अंगानं सुमनच बाहेर आली. तिनं थिनरचा बोळा उचलला आणि खसाखसा पुसून टाकलं. "गाडीचं हाय आई, माझं न्हाय."

आता रंग वाळलाय. डाग कुठंच दिसत नाही. तरी आई सारखी येऊन त्याच जागेवरून हात फिरवते. ती आत गेली की मी फिरवतो.

खरं सांगा, ते कुंकू पुसायला तुमचा हात उठला असता का?