मधाच्या रंगाचं तेल

माझ्या नवऱ्याला, नझमीला, काहीही विचारा, उत्तर तयार असतं. कपडे धुवायचं मशीन का हादरतं, पाणी का उपसत नाही, शेजारच्या बाईची सून का रुसली, सगळं त्याला माहीत. आमच्या सोरगून गावाच्या आजूबाजूच्या खेड्यांत बिघडलेली मशीनं दुरुस्त करत तो वर्षानुवर्षं हिंडतोय. पण आपल्या स्वतःच्या गाडीत कुठलं इंजिन ऑइल घालायचं, हे मात्र त्या शहाण्या माणसाला सबंध हिवाळाभर ठरवता आलं नाही. हिवाळा गेला, वसंत गेला, जून उजाडला. आणि जूनमध्ये आमच्या लेकीची, निसाची, विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती.

गाडी गॅसवर चालते. आमच्याकडे कोणाची चालत नाही? डिकीत ती भली थोरली टाकी, तिच्यामुळे ना सामान मावतं ना काही. गाडीचं नाव पांढरी. नझमी तिच्याशी जितकं गोड बोलतो तितकं माझ्याशी लग्नाच्या आठवड्यातही बोलला नव्हता. रोज सकाळी बॉनेट उघडायचं, तेल मोजायची पट्टी बाहेर ओढायची, कागदी रुमालावर टिपायची आणि मला हाक मारायची.

"मुनेव्वर, इकडे ये. बघ, बघ रंग! मध आहे मध!"

"अहो, चहा उतू चाललाय माझा."

"पेट्रोलवाल्यांचं तेल बघ जाऊन, डांबर असतं. आपलं बघ."

एकट्या नझमीचं हे वेड असतं तर मी समजले असते. पण आमच्या गावचे झाडून सगळे गॅसवाले असेच. चहाच्या दुकानासमोर गाड्या लावायच्या, आपापल्या पट्ट्या काढायच्या आणि रुमालावरचे डाग एकमेकांना दाखवत बसायचं. ज्याचा डाग उजळ त्याची छाती फुगलेली. लग्नाच्या मुली दाखवताना करणार नाहीत एवढं कौतुक! गॅस स्वच्छ जळतो, म्हणून तेल खराबच होत नाही, अशी सगळ्यांची समजूत. रंग उजळ आहे ना, मग काय घाई आहे बदलायची? सावकाश, चांगलं बघून, विचारून घेऊ.

आणि नझमी विचारत काय सुटला! गॅरेजांच्या वसाहतीत गेला की दुपार तिथेच. एक म्हणायचा, गॅसचं इंजिन जास्त तापतं, त्याला जाड ऑइल हवं, वीस-पन्नास. दुसरा म्हणायचा, अरे वेड्या, आपल्या थंडीत जाड ऑइल सकाळी वर चढेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं, दहा-चाळीस घाल. दुकानदाराने तिसरंच काढलं. डब्यावर निळ्या ज्वाळेचं चित्र, म्हणे खास गॅसच्या गाड्यांसाठी, जळून राख कमी होते. मग चहाच्या दुकानात दोन तट पडले. जाडवाले या बाकावर, पातळवाले त्या बाकावर. निळ्या ज्वाळेला दोन्हीकडून शिव्या. आमचे हे दोन्ही बाकांवर बसायचे, दोन्हीकडचा चहा प्यायचे आणि हात हलवत घरी यायचे.

"आणलंत?" मी विचारायची.

"अजून एकाला विचारायचंय."

मला भयंकर राग यायचा. माणसाला किती विचारायचं? टोमॅटो घेताना मी बाजारभर विचारत बसले असते तर हे घर उपाशी मेलं असतं!

एकदा मी स्वतः झिवर उस्ताकडे गेले. नझमी सोबत होताच. झिवर उस्ता म्हणजे वसाहतीतला जुना मेकॅनिक, अर्धवट बहिरा, इंजिनाला कान लावून ऐकतो आणि माणसांचं काही ऐकत नाही. मी ओरडूनच विचारलं, "उस्ता, कुठलं घालायचं ते एकदाचं सांगा. आमच्या घराला ताप झालाय."

"कुठलंही घाला वहिनी, डब्यावर तुमच्या इंजिनाला चालतं असं लिहिलेलं कुठलंही. पण घाला. कधी बदललं होतं?"

नझमीने पट्टी ओढून त्याच्या नाकासमोर धरली. "रंग बघ ना उस्ता."

"रंग काय बघायचाय? कधी बदललं ते विचारतोय."

नझमी रुमालाची घडी घालायला लागला. निसा अकरावीत असताना बदललं होतं, हे मला आठवत होतं, कारण त्या दिवशी तिच्या गणवेशावर त्याने डाग पाडला होता. मी सांगितलं. झिवर उस्ताने पट्टी दोन बोटांत धरून चोळली, बोटं उघडली मिटली, आणि तोंड वाकडं केलं. "द्राक्षाची काकवी करता ना वहिनी? रंग तोच राहतो आणि कढईत आटून गोळा होतो, तसं चाललंय हे. या आठवड्यात काढून टाका."

"ऐकलंत?" मी म्हटलं.

"ऐकलं," नझमी म्हणाला. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "त्याला काय, त्याला गिऱ्हाईक हवं."

पुढे मात्र चमत्कार झाला. मे महिन्यात एके संध्याकाळी तो ऑइलचा डबा घेऊन आला. निळ्या ज्वाळेचाच, आणि नवा फिल्टर. मी म्हटलं, सुटलो बाबा! पण कुठलं काय! डबा गेला डिकीत, गॅसच्या टाकीशेजारी, आणि तिथेच बसला.

"बदलत का नाही?"

"परीक्षा होऊ दे. मोठ्या दिवसाच्या तोंडावर गाडीत नवीन काही करू नये. चालतेय ना? चालत्या गाडीला हात लावायचा नाही."

तोवर सकाळी गाडी सुरू केली की टकटक, टकटक वाजायला लागलं होतं. मी म्हटलं, ऐका. तो म्हणाला, टॅपेट आहेत, गॅसच्या गाडीचे वाजतातच. निसा खिडकीत बसून गणितं सोडवत असायची. ती नुसती आमच्याकडे बघायची आणि पुन्हा वहीत डोकं घालायची. पोरीने दोन वर्षं सण पाहिला नाही की लग्न पाहिलं नाही. तिला पशुवैद्य व्हायचं होतं. लहान असताना आमची गाय वासरू अडून मेली तेव्हापासून तिचं तेच.

परीक्षेचं केंद्र आलं जिल्ह्याच्या गावी, योझगातला. दहाला फाटक बंद. बंद म्हणजे बंद. दर वर्षी टीव्हीवर दाखवतात, गजांना धरून रडणारी पोरं आणि आतून मान हलवणारा पहारेकरी. आम्ही सगळे ते बघून चुकचुकतो आणि म्हणतो, आईबापांना अक्कल नको का!

त्या सकाळी निसाने दोन घास कसेबसे गिळले. शेजारच्या सातीमावशीने गाडीमागे तांब्याभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी वाहती राहो म्हणून. नझमीने जाण्याआधी पट्टी काढलीच! रुमालावर टिपली आणि निसाला दाखवली. "बघ बाळा, मध." ती हसली बिचारी.

वाटेतल्या चढणीपर्यंत सगळं ठीक होतं. चढणीवर लाल दिवा लागला, तेलाचा. मी म्हटलं, "अहो, दिवा." नझमी म्हणाला, "तार सैल असेल." मग टकटकीची ठकठक झाली, कोणीतरी आतून हातोडा घालावा तशी. आणि मग एक कर्कश आवाज येऊन गाडी जागच्या जागी थांबली. नझमीने चावी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. काही नाही.

"उतरा," मी म्हटलं, "हात करा कोणाला तरी."

"थांब, थोडी गार होऊ दे. लगेच सुरू होईल."

"नझमी! पोरीची परीक्षा आहे!"

"अगं पाच मिनिटं."

आणि त्या माणसाने काय करावं? बॉनेट उघडलं आणि पट्टी काढली! भर रस्त्यात उभा राहून तो तेलाचा रंग बघत होता. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याने रुमाल माझ्यासमोर धरला आणि खरंच गोंधळून म्हणाला, "पण रंग तर चांगला आहे गं." मी तो रुमाल हिसकावून रस्त्यावर फेकला. तेवढ्यात दोन गाड्या आमच्यासमोरून निघून गेल्या, त्यांना कोणी हात केलाच नाही.

शेवटी मीच रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. एका मेंढ्यांच्या टेंपोने ब्रेक मारला. ड्रायव्हरने शिवी घालायला तोंड उघडलं, पण निसाच्या हातातलं परीक्षेचं ओळखपत्र पाहून म्हणाला, "बसा, बसा!" पुढे दोघींपुरतीच जागा होती. नझमी मागे राहिला. त्या भल्या माणसाने गाडी अशी हाणली की मागच्या मेंढ्या एकसारख्या ओरडत होत्या.  निसाने माझा हात घट्ट धरला होता.

शाळेच्या रस्त्याला वळलो तेव्हा फाटक लागलेलं दिसलं. नुकतंच लागलं होतं. पहारेकरी अजून कुलूपच लावत होता. मी गजांना धरून काय काय बोलले, मला आठवत नाही. विनवण्या केल्या, शिव्या दिल्या, पुन्हा विनवण्या केल्या. तोही मुलाबाळांचा बाप असावा, डोळे चोरत होता. "ताई, माझ्या हातात असतं तर," एवढंच म्हणाला. निसा माझ्या मागे उभी होती. ती रडली नाही. ती फुटपाथवर बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागली. बांधायची, सोडायची, पुन्हा बांधायची.

कितीतरी वेळाने नझमी आला, कुठल्याशा ट्रकमधून. हात काळे, शर्ट घामाने ओला. लांबूनच ओरडला, "गेली ना आत?" मग त्याला निसा दिसली. तो जिथे होता तिथेच उभा राहिला.

माझ्या तोंडाला लगाम राहिला नाही. "मध दाखवा आता! दाखवा ना तिला! कुठाय तुमचा मध?" रस्त्यावरची माणसं बघत होती, बघू देत. "डबा डिकीत होता! डबा आपल्याबरोबर आला होता हो परीक्षेला!"

 निसाच उठली. म्हणाली, "आई, पुरे. घरी जाऊ या." बापाकडे तिने पाहिलंही नाही.

गाडी ओढून झिवर उस्ताकडे नेली. त्याने इंजिनाचं खालचं तसराळं सोडवलं आणि नझमीला वाकून बघायला लावलं. तेल शोषून घ्यायच्या जाळीवर हा एवढा घट्ट थर बसलेला, तेल वर चढणार कुठून? उस्ताने स्क्रू ड्रायव्हरने खरवडून एक ढेकूळ काढलं आणि नझमीच्या तळहातावर ठेवलं.

"गॅसला काजळी नाही, म्हणून रंग काळा होत नाही," तो म्हणाला. "पण तापून तापून आटतं, त्यातला जीव जातो. पेट्रोलवाल्याला निदान काळा रंग बघून कळतं. तुम्हाला कोण सांगणार? तारीख बघायची असते दादा, रंग नाही."

नझमी त्या ढेकळाकडे बघत राहिला. जाडवाले आणि पातळवाले सगळे जमले होते. त्या दिवशी कोणी वाद घातला नाही. संध्याकाळी म्हणे चौघा-पाचजणांनी गुपचूप तेल बदलून घेतलं. त्यांच्या पोरींच्या परीक्षा नव्हत्या.

निसाने पुन्हा एक वर्ष अभ्यास केला. त्याच खिडकीत, त्याच वह्या. बापाशी ती वाईट वागली नाही. मीठ मागितलं तर मीठ द्यायची, हाक मारली तर ओ द्यायची. पण स्वतःहून बोलायला जायची नाही. मला मात्र ते बघवत नसे. मी भांडते, ओरडते, मोकळी होते. हिचं सगळं आत. नझमीने इंजिन नवं बांधून घेतलं, निळ्या ज्वाळेचा तोच डबा त्यात ओतला, आणि चहाच्या दुकानाकडे फिरकायचं सोडलं. तेल वेळेआधीच बदलायला लागला. टकटक नाही, काही नाही. पांढरी नव्या नवरीसारखी चालायला लागली.

यंदाच्या जूनमध्ये केंद्र पुन्हा योझगातच. नझमी पहाटेच उठला. गाडी धुतली, सुरू केली, कान लावून ऐकली, मागचं दार उघडून ठेवलं. निसा तयार होऊन बाहेर आली. तिने बापाच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात कपाळाला लावला, रीतीप्रमाणे. मग म्हणाली, "बाबा, मी मिनीबसने जाते."

"गाडी एकदम ठणठणीत आहे बाळा. तेल परवाच बदललं."

"माहीत आहे, बाबा. मी मिनीबसने जाते."

मला वाटलं, आता हा समजावत बसणार, पट्टी काढणार, उस्ताचं नाव घेणार. माझ्या ओठांवर शब्द तयार होते. पण त्याने नुसती मान हलवली, आत हात घालून चावी फिरवली आणि गाडी बंद केली. आमच्या घराच्या फाटकाशी मिनीबस आली. आम्ही दोघी चढलो. सातीमावशी गेल्या हिवाळ्यात वारली, त्यामुळे मागे पाणी ओतायला कोणी नव्हतं.

मी मागच्या काचेतून पाहिलं. गाडी धुवायला आणलेली बादली घेऊन नझमी रस्त्यावर धावत येत होता, पाय ओले, पाणी हिंदकळतंय. पोचला तिथून त्याने सगळी बादली आमच्या मागे ओतली.

"निसा, मागे बघ," मी म्हटलं.

तिने वळून पाहिलं, आणि वळण येईपर्यंत ती तशीच मागे बघत बसली.