उभ्यानं वाचायचं दुकान

रियाधच्या बाजारात त्याचं जुन्या पुस्तकांचं दुकान होतं. माणूस रत्नागिरीकडचा. दुकानात खुर्ची एकच, आणि तिच्यावर तो. गिऱ्हाइकानं उभ्यानं कितीही वाचावं, फुकट. बसायला मात्र बंदी.

"पूर्वी चीनमध्ये असंच होतं," तो सांगायचा. "बांबूच्या पट्ट्यांची पुस्तकं. गरीब माणूस बाजारात यायचा, दुकानात उभ्या उभ्या वाचायचा, पाठ करून घरी जायचा. दुकानदार हूं की चूं करत नसे."

"पण बसू का देत नसत?"

"बसला की माणूस डुलक्या काढतो, इंजिनिअरसाहेब."

हा नियम चीनचा की त्याचा, मला कधी कळलं नाही.

आखाती युद्धाची चिन्हं दिसताच मी बायकामुलांना नाशिकला पाठवलं. रोज संध्याकाळी कंपनीनं दिलेला गॅस मास्क खांद्याला अडकवून त्याच्याकडे जाऊन उभा राहायचो. एकट्याला घर खायला उठतं, हे त्याला सांगितलं नव्हतं.

एकदा तिथेच सायरन झाला. आम्ही दोघं टेबलाखाली शिरलो. मी मास्क चढवला, त्यानं तोंडाला ओला रुमाल बांधला. लांब कुठेतरी धमाका झाला आणि कपाटं हलली. मी टेबलाचा पाय घट्ट धरला. त्यानं वर हात घालून मी वाचत होतो ते पुस्तक खाली ओढलं, पान शोधलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"आज बसून चालेल."

मास्कच्या काचेवर वाफ धरली होती. एक अक्षर दिसत नव्हतं, तरी मी पान उलटलं.

धोका टळल्याचा भोंगा वाजला.

"खलास," तो म्हणाला. "आता उभे राहा."