झणझणीतचं स्पेलिंग

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या हिंदीत सगळी नोकरी काढूनही आमचे शेजारी मधुकरराव मराठीचे चौकीदार होते; सिंचन खात्यातून निवृत्त झाल्यावर तर पूर्णवेळ. भाजीवाला 'टमाटर' म्हणाला की ते त्याला 'टोमॅटो' शिकवायचे आणि हा शब्द अस्सल मराठी आहे, असं छातीठोकपणे सांगायचे.

२००८ साली त्यांच्याकडे वायरलेस इंटरनेट आलं. पासवर्डला किमान आठ इंग्रजी अक्षरं हवीत म्हटल्यावर त्यांनी निवडला 'झणझणीत', आणि बाहेरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवरून स्वतः तो भरला. डेस्कटॉपला नेट हातभर तारेनंच मिळायचं, त्यामुळे पासवर्ड पुन्हा कुणाला लागलाच नाही.

लागला तो नातीच्या बारशाला. मुलगी श्रद्धा मेलबर्नला. बारसं आपल्या सकाळी साडेसातला व्हिडिओवर दिसणार होतं. पण मधुकररावांच्या पत्नी अहिल्याबाई मांडीचं हाड मोडून, पायाला वजन लटकावून आतल्या खोलीत पडलेल्या. हलायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद. नातीला पाहायचं म्हणून त्या पहाटेच वेणी घालून तयार होत्या. मुलगा केदार त्यांच्यासाठी जबलपूरहून लॅपटॉप घेऊन आला होता. त्यात विंडोज नव्हतं. पेंग्विनच्या चित्राचं लिनक्स होतं.

"बाबा, पासवर्ड?"

"झणझणीत."

"नाही घेऊन राह्यला."

"झ-ण-झ-णी-त! मराठी ऐकू येते ना तुले?"

"येते ना! चिल्लाऊ नका, वाय-फायले कान नसतात."

"मंग तुह्या पेंग्विनलेच मराठी समजत नसन. बर्फातलं पाखरू ते!"

केदारलाही पेंग्विनचाच संशय होता. तो सेटिंग उघडत बसला. मधुकरराव प्रत्येक वेळी तोच शब्द आणखी मोठ्यानं म्हणत राहिले.

साडेसात वाजले. कॉल डेस्कटॉपवर घ्यावा लागला. या घरात कॅमेरा नव्हता. तिकडचं दिसायचं, इकडचा फक्त आवाज जायचा.

"बाबा, आईले दिसते ना?"

मधुकररावांनी आतल्या दाराकडे पाहिलं. पोरीचा आनंद कशाला मोडायचा?

"हौ, पाहून राह्यली."

श्रद्धानं बाळाला कॅमेऱ्याजवळ धरलं. "आई, पाह्य तुही नात!" बराच वेळ धरून ठेवलं. आत अहिल्याबाईंच्या कानावर सगळं पडत होतं. पाळण्याचं गाणं त्यांनी छताकडे पाहत ऐकलं.

दुपारी केदार वैतागून म्हणाला, "लिहूनच द्या." मधुकररावांनी लिहिलं: zanzanit. हिंदी शाळेत शिकलेला केदार कागदाकडे पाहतच राहिला. त्यानं दरवेळी झ साठी jh टाइप केलं होतं.

"बाबा, झेड?"

"मंग? झ म्हंजे झेडच!"

पेंग्विन पहिल्याच झटक्यात जोडला गेला. तिकडे बारसं आटोपून पाहुणे घरी गेले होते.

पुढच्या रविवारी अहिल्याबाईंच्या उशाशी लॅपटॉप लागला. नात हातपाय झाडत होती. अहिल्याबाईंचा हात पडद्याकडे गेला, तोच श्रद्धानं विचारलं, "आई, बारशाले पाह्यली तवा कोणासारखी वाटली तुले?"

अहिल्याबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"आतासारखीच," त्या म्हणाल्या.

मधुकरराव पंखा बंद करायला उठले. पंखा बंदच होता.